पाळण्यातील मूल आणि आपली जबाबदारी



नांदेड-लातूरकडील आपल्या घरांतून बारशाचा पाळणा मोठ्या हौसेने सजविला जातो. त्या पाळण्यात मूल निजवावे कसे, हा विषय मात्र समाजाच्या सभेत क्वचितच निघतो. आज तोच आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

रात्री दूध पिऊन निजलेले निरोगी तान्हे मूल कधीकधी सकाळी निष्प्राण आढळते. पुष्कळदा कारण सापडत नाही. मग दोष दृष्टीला अथवा सुनेच्या पायगुणाला दिला जातो. दुःखाने खचलेल्या मातेवर हा घोर अन्याय होय. असे मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात अधिक घडतात. मुलाला पालथे न निजविता उताणे निजवावे, असा प्रचार ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली सुरू झाला. पुढील दहा वर्षांत अमेरिकेतील अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. त्यासाठी औषध लागले नाही, धन लागले नाही. केवळ निजविण्याची रीत बदलली.

उताण्या मुलाच्या घशात दूध अडकेल, अशी वडीलधाऱ्या स्त्रियांना भीती वाटते. ती मायेपोटी असली तरी निराधार आहे. मूल उताणे असता श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस राहते. त्यामुळे उलटून आलेले दूध सहसा श्वासनलिकेत उतरत नाही.

अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, लोड व जाड गोधडी दूर करावी. तोंडावर दुपटे ओढू नये. लुगड्याच्या झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडण्याचा संभव असतो. तेथे मुलाला फार वेळ निजू देऊ नये. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत ठेवणे घातक आहे. आपल्या कडक उन्हाळ्यात कुंची आणि कपड्यांचे थर नकोत. विडीचा धूर तर मुळीच नको. मूल आईच्या खोलीत, तिच्या हाताशी, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे. वर्षभर हा नेम पाळावा. अंगावरचे दूध हेही मोठे संरक्षण आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांचे मृत्यू पुष्कळ कमी केले. घरातले ज्ञान जीव वाचविते, हाच त्याचा बोध.

भगिनींनो, मुलाचे अंथरूण घालणारे हात बहुधा आजीचेच असतात. म्हणून माझी विनंती सुनांहून अधिक सासूबाईंना आहे. पुढच्या बारशाला पाळण्याची दोरी हाती घेण्यापूर्वी त्यातली उशी आपण स्वहस्ते काढावी. आपल्या शब्दाला घरात जे वजन आहे, ते सुनेच्या शब्दाला अद्याप नाही.