फॉरमॅट मारण्याआधी

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या एखाद्या टायपिंगच्या दुकानातला संगणक डोळ्यांसमोर आणा. सरकारी अर्जांसाठी त्यात कन्नड टायपिंगचं नुडी सॉफ्टवेअर असतं, लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका यांच्यासाठी मराठीचं श्रीलिपी असतं, आणि पाच-दहा वर्षांच्या फायली साठलेल्या असतात. हार्ड डिस्क कुरकुर करू लागली म्हणून मालक सावध होतो, सगळ्या डिस्कचा बॅकअप घेतो, नवी डिस्क आणून तिच्यावर तो रिस्टोअर करतो. काम पूर्ण झालं असं पडदाही सांगतो. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते आणि गाडी तिथंच अडते. यावर ऐकू येणारा पहिला सल्ला ठरलेला आहे : फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका. हा सल्ला घाईचा आहे, आणि बहुतेक वेळा महागातही पडतो, असं मला आज मांडायचं आहे. रिस्टोअर नीट पार पडलं असेल, तर फायली सहसा जागेवरच असतात. अडचण असते ती यंत्राला त्यांच्यापर्यंत पोचता न येण्याची.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत काम हातोहात पुढं सरकत असतं. आधी मदरबोर्डवरची चिप मेमरी आणि डिस्क तपासते. मग सुरुवात कुठून करायची ते शोधते. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये एक छोटा प्रोग्राम आणि डिस्कच्या भागांचा तक्ता असे. त्या तक्त्यात मुख्य भाग चारच बसत. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक वेगळा लहानसा भाग राखलेला असतो आणि सुरू करणारी फाइल त्यात असते. त्यातली कोणती फाइल उचलायची, याची नोंद मात्र मदरबोर्ड स्वतःच्या स्मरणात ठेवतो. ही नोंद डिस्कवर नसतेच, त्यामुळे डिस्कचा बॅकअप कितीही चोख असला तरी ती त्यात येत नाही. शिवाय डिस्कच्या प्रत्येक भागाला एक ओळख क्रमांक असतो. नव्या डिस्कवर भाग नव्यानं पाडले आणि त्यांत फायली ओतल्या, तर क्रमांक बदलतात; पण रिस्टोअर झालेल्या फायलींत जुनेच लिहिलेले असतात. बिऱ्हाड नव्या घरी गेलं आणि पोस्टमनकडे पत्ता मात्र जुनाच राहिला, तशातला हा प्रकार. लिनक्समध्ये यंत्र ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून थांबतं किंवा इमर्जन्सी मोडमध्ये जातं, त्यामागं पुष्कळदा हेच असतं.

म्हणून पडद्यावरची ती ओळ वाचायला हवी; यंत्र कुठवर पोचलं ते तीच सांगते. कंपनीचं चिन्हसुद्धा उमटलं नाही आणि नुसतेच बीप वाजले, तर दोष रिस्टोअरचा नाही. डिस्क बदलताना डबा उघडलेला असतो, एखादी रॅम सैल झालेली असते. चिन्ह दिसून पुढं ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं, तर सुरू करणारी फाइल सापडलेली नाही. अशा वेळी बोर्ड जुन्या पद्धतीवर आहे की यूईएफआयवर, आणि बॅकअप ज्या यंत्रावर घेतला ते कोणत्या पद्धतीनं चालत होतं, हे जुळवून पाहावं. विंडोजचा निळा पडदा येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं म्हटलं, तर विंडोज जागं झालेलं आहे, पण त्याला डिस्क दिसत नाही. यात बहुधा डिस्क जोडण्याची सेटिंग बदललेली असते : एएचसीआयच्या जागी रेड, किंवा उलट. ती पूर्ववत केली की पुष्कळ यंत्रं मुकाट्यानं सुरू होतात.

ही सेटिंग आपोआप कशी बदलेल, अशी शंका कुणीही घेईल. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. काही वर्षांनी तो उतरतो. रोज प्लग जोडलेला असतो तोवर कळत नाही, पण डिस्क बदलण्यासाठी वायर काढली की घड्याळ मागं जातं आणि पुष्कळ जुन्या बोर्डांवरच्या सेटिंगही मूळपदावर येतात. म्हणजे बिघाड रिस्टोअरनंतर दिसला, तरी तो रिस्टोअरमुळं झालेला नसतो. तारीख चुकलेली दिसली तर आधी सेल बदलावा. इतक्या स्वस्तात मिटणाऱ्या तक्रारी संगणकाच्या दुनियेत फार नाहीत.

सुरू न होणं आणि माहिती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा मोठा पुरावा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरचे संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ते ८५ लाख होते. विमानतळ आणि रुग्णालयं खोळंबली. ते संगणक फॉरमॅट करावे लागले नाहीत. सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढली की यंत्र उठत होतं. अडचण झाली ती डिस्क कुलूपबंद असलेल्यांची, कारण बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की अनेकांना हाताशी सापडेना. नवे लॅपटॉप पुष्कळदा आपोआपच कुलूपबंद येतात, तेव्हा ही की बॅकअपच्या आधी कागदावर उतरवून ठेवावी.

यावर कुणी म्हणेल, कशाला एवढा खटाटोप? फॉरमॅट दोन तासांत होतं, फायली बॅकअपमधून परत घेता येतात. फायली येतात, हे खरं. पण जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फाँट यंत्रात नसेल तर पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. जुन्या नुडीचंही तेच. मग ती आवृत्ती, तिचा परवाना, प्रिंटरचे ड्रायव्हर हे सगळं पुन्हा गोळा करणं आलं, आणि ते दोन तासांत होत नाही. आता सगळं सर्व्हरवरच असतं, असाही एक युक्तिवाद आहे. पहाणीपुरता, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यापुरता, तो बरोबर आहे : कर्नाटकाच्या भूमी योजनेत सुमारे दोन कोटी पहाण्या संगणकावर चढल्या आणि हस्तलिखित पहाणी व्यवहारातून बाद झाली. त्या सांभाळण्याची जबाबदारी सरकारची. दुकानदाराच्या प्रश्नपत्रिकांची आणि उधारीच्या वहीची तशी जबाबदारी कुणावरच नाही.

हे मेकॅनिकचं काम, आपण कशाला हात घालायचा, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. दुरुस्ती त्यानंच करावी. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर’मध्ये जाऊन बीसीडीबूट ही आज्ञा चालवणं त्याला अवघड नाही. मालकानं मात्र त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढावा, डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फायली दिसतात का ते समोर बघावं, आणि तोवर जुनी डिस्क कुणाच्या हाती देऊ नये. जुनी आणि तिची हुबेहूब प्रत अशा दोन्ही डिस्क एकदम जोडू नयेत. दोघींची ओळख एकच निघाली की विंडोज एकीला बाजूला ठेवतं आणि नवा गोंधळ सुरू होतो.

फॉरमॅट योग्य ठरेल असे प्रसंगही आहेत. बॅकअप घेतानाच यंत्रात व्हायरस होता, तर तो जसाच्या तसा परत येतो. तिथं कोरी पाटी बरी, फक्त फायली तपासून घ्याव्यात. आणि जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, तर ती पुन्हापुन्हा चालू करून पाहणं थांबवावं. अशी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो, म्हणून ती जोडण्याआधीच प्रत कुठं घ्यायची ते ठरवून मोकळी जागा तयार ठेवावी.