स्टेअरिंगचं तेल जातं कुठे?

पावसाळा आहे. मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या आपल्या बोटीही मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर ताडपत्री घालून विसावल्या आहेत. इंजिनं बहुतेकांनी सर्व्हिसिंगला दिली असतील. प्लग बदलले असतील, गिअर ऑइल बदललं असेल. चांगली गोष्ट आहे. पण बोटीचं स्टेअरिंग कुणी उघडून बघितलंय का? केबलच्या स्टेअरिंगबद्दल मी बोलत नाही. मोठं आउटबोर्ड इंजिन आणि हायड्रॉलिक स्टेअरिंग असलेल्या फायबर बोटींबद्दल बोलतोय.

या बोटींवर चढलं की मी आधी चालकाच्या सीटखाली हात घालतो. तिथे अर्धी रिकामी तेलाची बाटली हमखास मिळते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘काय नाय ओ, स्टेरिंग जरा तेल पिता.’ आणि हे सांगणारे लोक अनाडी नसतात, बरं का. वाऱ्याचा रोख आणि पाण्याचा रंग बघून खडक ओळखणारे हे लोक. त्यांनी असं म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

मंडळी, स्टेअरिंग तेल पीत नाही. इंजिनात तेल थोडंफार जळतं, तिथे ठीक आहे. स्टेअरिंगमध्ये जळायला काही नाही. चाकामागे पंप, मागे इंजिनापाशी सिलिंडर, मधे दोन नळ्या. तेल त्यातच इकडून तिकडे फिरतं. एकदा हवा काढून नीट भरलं की वर्षभर पातळी तिथेच राहायला हवी. खाली गेली, म्हणजे तेल बाहेर गेलं. कुठून गेलं ते शोधायचं. वरून ओतत राहायचं नाही. हे मी आज पुन्हापुन्हा सांगणार आहे.

शिमग्यातली पितळी पिचकारी डोळ्यांपुढे आणा. अशा दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून तोंडाला तोंड नळीने जोडल्या. एकीचा दांडा दाबला की दुसरीचा तेवढाच बाहेर येतो. तुमचं चाक म्हणजे पहिली पिचकारी, मागचा सिलिंडर म्हणजे दुसरी. आता नळीत हवा शिरली तर काय होईल? पहिला दांडा दाबाल, तर आधी हवाच दबेल आणि दुसरा जागचा हलणार नाही. बोटीवर आपण म्हणतो, चाक मऊ लागतंय, दोन वेढे जास्त फिरवावं लागतंय. तीच ही हवा. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो.

आणि पिचकारीचा वायसर झिजला की पाणी पुढे जायच्या ऐवजी दांड्यावरून मागे येतं, बाही कोपरापर्यंत भिजते. आपण काय करायचो? बादलीत पाणी वाढवायचो का? नाही. दांडा बाहेर काढून वायसर बदलायचो, नाहीतर त्यावर सूत गुंडाळायचो. लहान मुलालाही एवढं कळतं. मग बोटीच्या बाबतीत आपण बादलीच का भरत बसतो?

आता गळतं कुठे ते सांगतो. सगळ्यात जास्त गळती सिलिंडरच्या टोकांना असते. आउटबोर्डच्या सिलिंडरमध्ये दांडा आरपार असतो, त्यामुळे दोन्ही टोकांना सील असतात. आपल्याकडे खारं पाणी या दांड्यावर वाळतं, मिठाचे खडे धरतात. तुम्ही सकाळी येऊन चाक फिरवता आणि ते खडे थेट सीलच्या ओठावरून घासले जातात. थोडे दिवस असं चाललं की सील फाटतो, मग दांड्यावर तेलाचा काळपट, चिकट पट्टा दिसायला लागतो. म्हणून दिवसाचं काम संपलं की दांड्यावर गोडं पाणी ओता, फडक्याने पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, पण करत कुणी नाही.

दुसरी जागा चाकामागची. पंपाच्या शाफ्टचा सील गेला की तेल पॅनेलच्या आतल्या बाजूने ओघळतं. बाहेरून काही दिसत नाही. हात घालून बघा, बोटं तेलकट लागली तर समजा. तिसरी जागा म्हणजे नळ्यांचे सांधे, आणि जिथे नळी फायबरच्या कडेला घासते तो भाग.

शोधायची पद्धत सोपी आहे. सगळं कोरडं पुसून घ्या. सिलिंडरखाली आणि पंपाखाली पांढरं फडकं अंथरा. एकाने चाक एका टोकापर्यंत न्यावं आणि तिथे थोडा जोर लावून धरावं, मग दुसऱ्या टोकाला. या सिस्टिममध्ये दाब चौरस इंचाला 1000 पौंडांच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे जिथे कमकुवत असेल तिथे थेंब येतोच. आणि टोकाला धरूनही चाक हळूहळू सरकत राहिलं, पण फडकं कोरडंच असेल, तर गळती आतल्या आत आहे. पंपातल्या एकेरी झडपेत कचरा अडकलाय, किंवा सिलिंडरच्या पिस्टनचा सील गेलाय. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

सिलिंडरचा सील बदलताना घाई करू नका. टोकाचं झाकण उघडायला दोन भोकांत बसणारा खास पाना लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवलेली झाकणं मी पाहतो तेव्हा राग येतो. आटे जातात आणि काही शेकड्यांच्या सीलपायी अख्खा सिलिंडर नवा घ्यावा लागतो. सील काढलात की दांड्यावरून नख फिरवा. नख अडलं, म्हणजे गंजाचा खड्डा आहे. अशा दांड्यावर नवा सील घातला तर तो टिकणार नाही. तुम्ही म्हणाल, पॉलिश पेपर मारतो. नका मारू. दांडाच बदलायला हवा, खर्च आहे, पण दुसरा इलाज नाही. सीलचा ओठ तेलाच्या बाजूला, आतल्या बाजूला हवा. उलटा बसला तर पहिल्याच दिवशी गळेल. सील दांड्यावर चढवायच्या आधी त्याला थोडं तेच स्टेअरिंगचं तेल लावा.

सांधे पक्के करताना प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपातल्या झडपेत जातात आणि मग ती आतली गळती, जिच्याबद्दल मी आत्ता बोललो नाही, ती सुरू होते. ट्यूबमध्ये मिळणारं द्रव सीलंट लावा, तेही पहिले एक-दोन आटे सोडून.

आणि तेल. इथे जरा खडसावूनच बोलतो. हायवेवरच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल यात घालू नका. कधीच नका. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, त्याने यातले रबरी सील फुगतात, मऊ होतात. मग एका जागी गळत होतं ते तीन जागी गळायला लागतं, आणि सगळी सिस्टिम खोलून धुवावी लागते. इंजिन ऑइलही नको, ते जाड आहे, चाक जड होतं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं पातळ हायड्रॉलिक तेलच आणा. आणि फडक्यात, डब्यात पडलेलं जुनं तेल गाळून परत ओतू नका. खाडीतही सांडू नका, त्या खाडीवरच तुमचं पोट आहे.

हे सगळं एवढं का सांगतोय? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा डोळ्यांपुढे आणा. वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. ओहोटीला आत येताना लाट मागून उचलते, आणि त्या क्षणी चाकाने लगेच ऐकलं पाहिजे. पंपातली झडप इंजिनाला सरळ धरून ठेवते, तीही तेलाच्याच जोरावर. तेल नाही तर इंजिन पंख्याच्या ओढीने एका बाजूला वळतं, बोट वेगात असली तर गर्रकन फिरते. बोटीत दहा-बारा माणसं असतात, कुणाची आई, कुणाचं तान्हं मूल. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी असते, ती तरी कितीजण बांधतात? त्यावरही बोलायचं होतं...

मला खूण झाली आहे, एक-दोन मिनिटं उरली आहेत. हवा कशी काढायची ते तरी सांगतो. दोघं लागतात. पंपाच्या तोंडावर तेलाची बाटली नळीने उलटी जोडा, ती शेवटपर्यंत रिकामी होता कामा नये. सिलिंडर एका टोकाला पूर्ण न्या, मागच्या माणसाने तो हाताने तिथेच धरावा आणि त्या बाजूचं निपल उघडावं. मग चाक सावकाश उलट्या दिशेला फिरवा. बुडबुड्यांशिवाय सलग तेल यायला लागलं की चाक फिरत असतानाच निपल बंद करा. हेच दुसऱ्या बाजूला. पातळी तोंडापासून अर्धा इंच खाली ठेवा. काठोकाठ भरलंत तर उन्हात तेल फुगून झाकणातून बाहेर येईल आणि तुम्ही उगाच घाबराल.

त्यानंतर बोट एक रात्र तशीच ठेवा. सकाळी झाकण उघडा, पातळी बघा. खाली गेली असेल तर पुन्हा ओतू नका, पुन्हा फडकं अंथरा.