आपल्याच किल्ल्याला वेढा

धारवाडच्या भुईकोट किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या एका तुकडीसह त्याला वेढा घातला. टिपूचा सरदार बद्रुज्जमान खान याने तो सहा महिन्यांहून अधिक काळ लढविला. १७९१ च्या एप्रिलात मात्र किल्ला पडला. तटाचे खरे बळ शत्रू दाराशी आल्यावर कळते. परंतु तोवर थांबणे म्हणजे धडा फार महाग घेणे होय.

रायगडाची आख्यायिका याहून शहाणी आहे. गड पुरा झाल्यावर, दरवाजावाचून जो वर येईल त्याला होनांची थैली व सोन्याचे कडे देण्याचे शिवाजी महाराजांनी जाहीर केले. एका महार वीराने कडा चढून वर निशाण लावले. महाराजांनी बक्षीस दिले आणि ती वाट बंद करविली.

आजचे किल्ले दगडाचे नाहीत. त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे १९०५ साली सहकारी पतसंस्था निघाली. पुढच्याच वर्षी पुण्यात कॉसमॉस बँक स्थापन झाली. या चळवळीचा सारा डोलारा विश्वासावर उभा आहे. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी त्याच कॉसमॉस बँकेवर संगणकातून दरोडा पडला. पैसे काढण्याची विनंती बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे न जाता चोरांच्या बनावट यंत्रणेकडे वळे आणि तेथून होकार मिळे. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून रकमा निघाल्या. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

अशा चोरांच्या रीती आता अज्ञात राहिलेल्या नाहीत. अमेरिकेतील मायटर संस्थेने २०१५ साली त्यांची एक सूची खुली केली. फसव्या पत्राने आत शिरणे, अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द मिळविणे, एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकणे, खुणा पुसणे, अशा पायऱ्या तीत क्रमाने नोंदविल्या आहेत. लेखी परवानगी घेऊन, मर्यादा ठरवून, बँकेचीच माणसे किंवा नेमलेले तज्ज्ञ याच पायऱ्यांनी स्वतःच्या यंत्रणेवर चाल करतात. कुलूप उघडले की नाही, एवढाच प्रश्न येथे नसतो. पावलांचा आवाज कोणी ऐकला, किती वेळाने ऐकला, आणि ऐकल्यावर त्याने कोणाला हाक मारली, हे खरे पाहायचे असते. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकात वाणिज्य बँकांना अशा लुटुपुटीच्या हल्ल्याचा मार्ग सुचविला. नागरी सहकारी बँकांसाठी कुवतीप्रमाणे पायऱ्यांची चौकट २०१९ च्या अखेरीस आली.

या उपायालाही सीमा आहे. ज्ञात युक्तीचीच नक्कल करता येते. उद्याचा चोर नवी वाट काढील. म्हणून परीक्षा एकदा देऊन भागत नाही.

हुबळीच्या बाजारातील आडत्या आणि धारवाडचा निवृत्त शिक्षक यांना या यंत्रणेची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी पैसा ठेवला आहे तो माणसांवर भरवसा ठेवून. संचालकांसमोर परीक्षेचा अहवाल येतो तेव्हा दोष दाखविणाऱ्यावर रागावण्याचा मोह होतो. अशा वेळी रायगडाची ती गोष्ट आठवावी. कडा चढून येणाऱ्याला महाराजांनी शिक्षा केली नाही. त्याला कडे दिले, आणि वाट मात्र बंद केली.