चाळिशी आणि सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. आपल्या चिटणीसताई म्हणाल्या, "तुम्ही सायकलीवरून पडलात आणि पुन्हा बसलात, तेवढेच सांगा." तेव्हा घरी आल्यागेल्यांशी बोलते तसेच बोलणार आहे. चुकलेमाकले पदरात घ्या.

तुम्हांला ठाऊकच आहे, माझे वडील गोराईला एकटे राहतात. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने १९८५ च्या सुमारास ज्या वसाहती आखल्या, त्यांत आपले चारकोप आहे तसेच गोराईही आहे. वडिलांना तिथे भूखंड मिळाला, त्यावर त्यांनी खोली बांधली, आणि आई गेल्यावरही ती सोडायला ते तयार नाहीत. लेकीच्या घरी राहायचे नाही, हा त्यांचा हेका. म्हणून गेली चार वर्षे दुपारचा डबा मी सायकलीने नेऊन देते. जायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रिक्षाचे कमीत कमी भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले. रोज जाऊन-येऊन रिक्षा आमच्या घराला परवडणारी नाही. तेव्हा सायकल ही माझी हौस नाही, गरज आहे.

आपल्याकडे चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. ती मला वेळेवर लागली, पण मी ती दोन वर्षे लपवली. समोरून येणारी बाई जवळ येईपर्यंत ओळखू येत नसे. बसचा नंबर मी शेजारच्या मुलीला विचारत असे. तरी म्हणायची, "पुढल्या महिन्यात पाहू." मुलाची फी झाली, सासूबाईंच्या गोळ्या झाल्या, ह्यांचा चष्मा झाला. भगिनींनो, घरातल्या सगळ्यांचे चष्मे होतात तेव्हा कुठे बाईचा नंबर लागतो. खरे सांगायचे तर पैशांइतकीच मला लाजही होती. चष्मा लावला की म्हातारपण आले, असे वाटे.

शेवटी एका दुकानात गेले. त्यांनी यंत्रात डोळे पाहिले, फळ्यावरची अक्षरे वाचून घेतली, आणि "तुमचे वय झाले, बायफोकल लागेल" म्हणून दुमजली चष्मा दिला. वरच्या भागातून लांबचे पाहायचे, खालच्या चंद्रकोरीतून वाचायचे. दुकानात बसून सगळे छान दिसले. समोरच्या इमारतीवरची पाटी दिसली, हातातले वर्तमानपत्रही दिसले. मी खूश होऊन घरी आले.

पण सायकलीवर बाई एका जागी बसलेली नसते. पुढच्या चाकासमोरचा रस्ता पाहायला नजर खाली गेली की ती नेमकी त्या चंद्रकोरीत जाई. ती काच हातभर अंतरावरच्या अक्षरांसाठी केलेली. रस्ता तर डोळ्यांपासून दीड-दोन मीटर लांब. तिथून तो धूसर दिसे, आणि रेघेपाशी खड्डा जागचा हलल्यासारखा वाटे. मला वाटले सवय होईल. चौथ्या दिवशी आतल्या रस्त्यावर एक गतिरोधक मला आहे त्यापेक्षा पुढे दिसला. मी ब्रेक दाबायच्या आत चाक त्यावर गेले आणि मी आडवी झाले. गुडघा फुटला, आमटी रस्त्यावर सांडली. डब्यातली पोळी तेवढी वाचली.

त्या दिवशी घरी ठरले की सायकल विकायची. ह्यांचे म्हणणे वाईट नव्हते. त्यांना माझी काळजी होती. पण संध्याकाळी वडिलांचा फोन आला. म्हणाले, "बाय, आता तू येऊ नकोस. मी खानावळीचा डबा लावतो." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितले की मला गुडघ्यापेक्षा तेच जास्त लागले. डबा कुणीही देईल हो. पण दुपारी अर्धा तास त्यांच्याशी बोलायला कोण जाणार?

मग माझी मुलगी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोळ्यांचा दाब पाहिला, थेंब घालून पडदा पाहिला. नंबर काढणाऱ्या मुलीने मात्र आधी एकच प्रश्न विचारला, "काकू, चष्मा लावून तुम्ही दिवसभर काय काय करता?" हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. मी सांगितले : तांदूळ निवडते, सुईत दोरा ओवते, आणि सायकल चालवते. ती हसली नाही. तिने ते कागदावर लिहून घेतले.

तिने समजावले ते असे. माझा लांबचा नंबर उणे सव्वा. अशा नंबराच्या माणसाला चाळिशीनंतरही जवळचे वाचायला बहुधा चष्मा काढला की पुरते! म्हणजे दुमजली चष्म्याची मला गरजच नव्हती. सायकलीवर फक्त लांबचा, एका नंबराचा चष्मा, आणि घरी निवडण्या-टिपण्याला मोकळे डोळे. ज्यांचा नंबर अधिकचा आहे, त्यांना हे लागू नाही. त्यांनी आपले आपण विचारून घ्यावे. रेघ नसलेला प्रोग्रेसिव्ह चष्माही असतो. पण त्यातही खालचा भाग जवळचाच असतो आणि कडेचे थोडे वाकडे दिसते. शिवाय तो महाग.

आता काच कुठली घ्यावी? खरी काच पडल्यावर फुटते, तिचे तुकडे डोळ्यांत जायची भीती. म्हणून मी पॉलिकार्बोनेटची घेतली. ती वजनाने हलकी, सहसा फुटत नाही, आणि उन्हातले अतिनील किरणही अडवते. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून वरून कडक लेप हवा. दुसरा लेप चमक कमी करणारा. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे त्याने कमी पसरतात.

दुकानदार म्हणाला, उन्हात काळी होणारी काच घ्या. पण आपल्या लिंक रोडवर मेट्रोचा पूल आहे. कधी त्याच्या सावलीत, कधी भर उन्हात, असे घडीघडीला बदलते. काळी झालेली काच पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटे घेते, तोवर सावलीतला खड्डा येऊन जातो. म्हणून मी साधी पांढरी काच घेतली आणि उन्हासाठी डोक्यावर झाप असलेली टोपी. ज्यांना रंगीत हवी त्यांनी करडी किंवा तपकिरी घ्यावी, पण रात्री ती लावू नये.

फ्रेमची गोष्ट गमतीची. दांडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचे अंतर, तिसरा दांडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. माझा जुना चष्मा घामाने नाकावरून घसरे. म्हणून या वेळी मी दुकानातल्या स्टुलावर सायकलीवर बसते तशी बसले. खाली पाहिले, मान हलवली, उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहिले. जाड दांडीच्या फ्रेमीत मागची गाडी झाकली जाई. बारीक दांडीच्या फ्रेमीत ती दिसे. घरून नेलेले हेल्मेटही घालून पाहिले. दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. हसू दे. पैसे माझे होते आणि गुडघाही माझाच.

सगळे मिळून २१०० रुपये झाले. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल मागायला संकोच करू नका. आणि एक घरगुती गोष्ट : चष्मा पदराने पुसू नका. पदराला धूळ असते, तिने काच घासली जाते. नळाखाली साबणाच्या पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपा. पावसात काचेवर थेंब साचले तर शहाणपण करू नका. खाली उतरा, सायकल हातात धरून चाला. मी तसेच करते.

नवा चष्मा लावून पहिल्या दिवशी निघाले तेव्हा हे गॅलरीत उभे होते. सायकल विकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. गोराईला पोहोचले तर वडील दारातच. त्यांनी आधी डबा घेतला नाही, माझा चष्मा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आईला पण असा करायला पाहिजे होता." माझी आई शेवटची कित्येक वर्षे तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढी. आम्हां कुणाच्या लक्षात आले नव्हते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समाजमंदिरात भिंतीवर दिनदर्शिका लावू. वीस फुटांवर उभे राहून प्रत्येकीने एकेक डोळा झाकून ती पाहायची. दोन डोळ्यांत फरक वाटला किंवा शेजारणीला दिसते ते आपल्याला दिसले नाही, तर तिने पुढल्या महिन्याची वाट पाहू नये. अर्थात ही काही तपासणी नव्हे. काचबिंदू गुपचूप येतो, मधुमेहाने पडदा बिघडतो; ते डॉक्टरांनाच कळते. पण निदान डॉक्टरांकडे जायचे निमित्त तरी होईल.

आणि तिथे गेल्यावर, कुणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा की मी दिवसभर काय काय करते. यादी लांब होईल; होऊ द्या.

सव्वाअकरा वाजले. मला डबा भरायचा आहे.