बरे आहोत, हेही कळवा

श्रोतेहो, पावसाळा लागला की घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, "काही नाही हो, जराशी कणकण आहे." मग आल्याचा काढा होतो, अंगावर गोधडी येते आणि चौथ्या दिवशी माणूस पुन्हा शेतावर. दवाखान्याच्या वहीत या तापाची नोंद होतच नाही. गावात एकाच वेळी अशी चाळीस माणसे गोधडीत असली तरी कागदावर गाव ठणठणीत!

10 जून 1918 रोजी मुंबईचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पुढे त्याच इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ते सात जण मोजले गेले, कारण ते इस्पितळात गेले. जे घरीच पडून राहिले त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

हाच हिशेब ठेवण्याची एक साधी रीत ऑस्ट्रेलियात 2006 साली सुरू झाली. न्यूकासल शहराच्या परिसरात डॉ. क्रेग डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्लूट्रॅकिंग' नावाचे काम उभे केले. आरंभी स्वयंसेवक होते सुमारे चारशे, पुढे ते देशभर पसरले. दर सोमवारी त्यांना ई-मेल येते : गेल्या आठवड्यात ताप आला होता का? खोकला होता का? उत्तर 'हो' असेल तर आणखी दोनचार प्रश्न. कामावर जाता आले का, डॉक्टरांकडे गेलात का. घरातल्या इतरांचेही सांगता येते. एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, मला काहीच झाले नाही, मी कशाला उत्तर देऊ? खरी गोम इथेच आहे. दहा जणांनी ताप कळवला, पण ते वीसांतले दहा की हजारातले दहा? निरोग्यांनी 'नाही' म्हटल्याशिवाय ते कळत नाही. आजाऱ्याच्या 'हो'इतकेच तुमच्या 'नाही'ला मोल आहे.

अर्थात, प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. आपल्याकडे डेंग्यू आहे, मलेरिया आहे. अशा नोंदीने निदान होत नाही; कुठे जाऊन तपासायचे ते समजते. शिवाय ज्याच्याकडे ई-मेल नाही तो गरीब माणूस या रीतीतून निसटतोच. आणि भीतीचे काय? 2020 साली खोकला लपवणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. खरे सांगतो, एसटीत मी स्वतः खोकला गिळून बसलो होतो. शेजारचा काय म्हणेल!

गुरुजींनो आणि बाईंनो, ई-मेल नसले तरी तुमच्याजवळ हजेरीपट आहे. मूल गैरहजर असले की आपण खूण करून मोकळे होतो. कारण विचारा, आणि ताप असेल तर वेगळ्या वहीत नुसता 'ता' लिहा. वर्गात नाव पुकारू नका, नाहीतर पुढच्या वेळी पोर खोटे बोलेल. एरवी आठवड्याला दोनतीन 'ता' असतात आणि एखाद्या सोमवारी अकरा निघाले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. आणि वर्ग पुरता भरलेला असेल, तर त्या आठवड्याची ओळ कोरी सोडू नका. तिथे लिहा : 'ता' शून्य.