शाळेतलं लेखन, महाविद्यालयातलं लेखन



आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे सगळं मुलं लिहितात. बारावीच्या युवकभारतीत अहवाल, माहितीपत्रक, मुलाखत आणि वृत्तलेखही आहेत. म्हणजे पाया घातला जातो, हे नक्की.

अडचण पुढे येते. शाळेत विषय दिलेला असतो, मुद्दे बऱ्याचदा पुरवलेले असतात आणि उत्तर थोडक्या ओळींत बसवायचं असतं. महाविद्यालयात मात्र प्रश्न स्वतः शोधायचा असतो. दोन-तीन पुस्तकं वाचून त्यांतली मतं ताडून पाहायची, आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं आणि कुणाचा विचार कुठून घेतला हे नोंदवायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीत तर शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पच करावा लागतो. गाईडमधली तयार उत्तरं पाठ करून हे जमत नाही.

लेखन शिकवण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पुनर्लेखन. शाळेत निबंध एकदाच लिहिला जातो, तपासला जातो आणि वही मिटते. खरं शिक्षण दुसऱ्या खर्ड्यात होतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती: महिन्यातून एकदा तरी मुलांना स्वतः निवडलेल्या विषयावर एक पान लिहू द्या, त्यावर त्यांच्याशी बोला आणि तेच पान पुन्हा लिहायला सांगा.