साल्हेरची प्रदक्षिणा : पूर्वतयारीचा विचार



परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे सारला आणि कोकण-गोमंतकाची भूमी निर्माण केली, ही कथा गोमंतकात बालपणीच कानी पडते. काणकोण तालुक्यातील पैंगीणचे परशुराम मंदिरही पुष्कळांच्या परिचयाचे असते. तो बाण नेमका कोठून सुटला याविषयी ठिकठिकाणच्या लोकांची श्रद्धा वेगवेगळी आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाण नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे मानले जाते की, बाण सुटला तो साल्हेरच्या माथ्यावरून. शिखरावर परशुरामाचे छोटे मंदिर व पादुका आहेत. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल उंच आहे आणि महाराष्ट्रातील दुर्गांत तर सर्वांत उंच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत साल्हेरचा समावेश आहे. तेव्हापासून गोमंतकातील युवकांच्या मंडळांतही साल्हेरचा बेत निघू लागला तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

प्रश्न आहे तो बेत कसा आखावा याचा.

साल्हेरला जाण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रदक्षिणेचा. वाघांबे गावातून चढावे, साल्हेर आणि सालोटा या जुळ्या दुर्गांमधील खिंड गाठावी, तेथून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी एकामागून एक दरवाजे ओलांडत वरची सपाटी गाठावी, गंगासागर तलाव व रेणुकामातेचे मंदिर पाहून परशुरामाच्या टेकडीवर जावे आणि परतताना दुसऱ्या अंगाने साल्हेरवाडीत उतरावे. साल्हेरवाडीहून वाघांब्याला पोहोचले की वर्तुळ पूर्ण होते. एकाच वाटेने जाऊन येणाऱ्याला डोंगराची एकच बाजू दिसते. प्रदक्षिणा करणाऱ्याला तो चहूंकडून भेटतो. यातील आनंद खराच आहे. पण याच आनंदात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

आल्या वाटेने परतणाऱ्याच्या पायाखाली ओळखीची वाट असते. सकाळी जेथे हात टेकावा लागला ती जागा, जेथे दोन पाऊलवाटा फुटल्या ते झाड, जेथे पाणी होते ते टाके, हे सारे त्याने एकदा पाहिलेले असते. प्रदक्षिणा करणाऱ्याचा उतार मात्र सर्वस्वी अपरिचित असतो. शरीर थकलेले, पाणी संपत आलेले, सूर्य कललेला, आणि वाट नवी! शिखर गाठले म्हणजे मोहीम फत्ते झाली असे मनाला वाटते, वस्तुतः ती तेव्हा निम्मीच झालेली असते. आणि उरलेला अर्धा भाग हाच अधिक बिकट असतो. म्हणून प्रदक्षिणेची योजना शिखरापासून मागे मोजत आखावी लागते. साल्हेरवाडीत किती वाजता पोहोचायचे हे आधी ठरते, आणि वाघांबे किती वाजता सोडायचे हे सर्वांत शेवटी.

डिसेंबरच्या अखेरीस या भागात सूर्य सातनंतर उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. हाती प्रकाश असतो तो जेमतेम अकरा तासांचा. सूर्यास्तापूर्वी दीड तास राखून ठेवला, तर साडेचारपर्यंत साल्हेरवाडीत उतरलेले असावे. उतरण्यास तीन तास धरले, तर दीड वाजता शिखर सोडले पाहिजे. तलाव, गुहा, मंदिरे पाहणे आणि भोजन यांसाठी तास-दीड तास सहज जातो. म्हणजे बारापर्यंत, फार तर साडेबारापर्यंत माथा गाठणे आले.

चढण्यास किती वेळ लागेल याचा एक जुना आडाखा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. मीटरमध्ये सांगायचे तर दर पाच किलोमीटर चालीस एक तास आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. समजा, सहा किलोमीटर चाल व आठशे मीटर चढ आहे. या हिशेबाने अडीच तास होतात. परंतु हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. बारा-पंधरा जणांच्या तुकडीत कुणाची चप्पल तुटते, कुणी छायाचित्र काढत मागे राहते आणि तुकडीचा वेग म्हणजे तिच्यातील सर्वांत मंद माणसाचा वेग असतो. म्हणून अडीचचे चार ते साडेचार तास धरणे शहाणपणाचे. साडेसहाला अंधुक उजेडात वाघांबे सोडले तरच गणित जमते. (चप्पल घालून येणाऱ्यांना वाघांब्यातच चहा पाजून थांबवून ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.)

आता सालोट्याविषयी. खिंडीत पोहोचल्यावर समोरच्या या दुर्गाचा मोह प्रत्येकाला पडतो. त्याची वाट अरुंद, पायऱ्या उभ्या आणि काही ठिकाणी घसारा असल्याने तो ताज्या पायांनी, सकाळच्या उन्हातच करावा. वाघांब्याकडून आरंभ करण्याचे एक कारण हेच, की खिंड लवकर लागते. तथापि योजनेत सालोट्याला स्थान द्यावे ते ऐच्छिक म्हणूनच. तुकडी ठरल्या वेळेत खिंडीत आली तर सालोटा करावा, अन्यथा त्याला दुरूनच नमस्कार करून साल्हेरच्या पायऱ्यांकडे वळावे. ज्या बेतात सोडून देण्याजोगे काहीच नसते, तो पहिल्या विलंबालाच कोलमडतो. हा निर्णय खिंडीत मतदान घेऊन करण्याचा नव्हे. तेथे उत्साहाचेच बहुमत होते. तो आदल्या रात्री करावा, घड्याळाचा काटा ठरवून.

असाच दुसरा निर्णय वरच्या सपाटीवरचा. एक वाजला तरी शिखर गाठले गेले नाही तर काय? अशा वेळी ‘आता पुढे उतरलेलेच बरे, अर्धे वर्तुळ तर झालेच आहे’ असा विचार फार पटतो. तो घातक आहे. उशीर झाला असता अपरिचित वाटेपेक्षा परिचित वाट अधिक सुरक्षित असते, मग ती लांबची का असेना. वर्तुळ अपुरे राहील, त्याचे दुःख मानू नये. माघारी वाघांब्याकडे उतरताना खिंडीत मात्र सावध राहावे. तेथे माळदर गावाकडील वाटही येऊन मिळते, आणि धुक्यात किंवा गप्पांच्या ओघात चुकीच्या कुशीने उतरण्यास एवढे कारण पुरेसे होते.

वाटेची माहिती नकाशावरून घ्यावी आणि माणसाकडूनही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात. त्या दाट आल्या की कडा आणि विरळ झाल्या की माळ, इतके वाचता आले तरी पुष्कळ झाले. पण गेल्या पावसाळ्यात कोणती पाऊलवाट वाहून गेली हे नकाशा सांगत नाही; ते वाघांब्याचा वाटाड्याच सांगतो. त्याला योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे आणि तो साल्हेरवाडीपर्यंत येणार की शिखरावरूनच परतणार, हे निघण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. उतरणीला त्याची गरज अधिक असते.

गोमंतकीयांसाठी पाण्याचा विषय जरा विस्ताराने सांगायला हवा. सत्तरीतील सोसोगड हे सुमारे ११६६ मीटरचे गोव्यातील सर्वोच्च शिखर. तेथे सराव केलेल्या तरुणास साल्हेरच्या उंचीचे भय वाटणार नाही. पण सोसोगडाची वाट रानातून जाते, डोक्यावर झाडांची सावली असते. दमट हवेत अंग घामाने चिंब होते आणि तहान आपोआप लागते. बागलाणातील डोंगर बहुतांशी उघडेबोडके. हवा कोरडी, घाम अंगावर येतो न येतो तोच वाळून जातो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे कळतच नाही. डोके दुखू लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तेही नेमके उतरणीच्या आरंभी. प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी सोबत बाळगावे, त्यातील एक लिटर शिखर सोडेपर्यंत उघडू नये. गंगासागरावर भिस्त ठेवून ओझे कमी करणे योग्य नव्हे. तेथील पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगे मानू नये. मार्चनंतर तर हा बेतच नको. तापलेल्या काळ्या कातळातून दुपारी अक्षरशः वाफा निघतात. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात आणि ढगांत दहा पावलांवरचे दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पहाटे बोचरी थंडी असते. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यात माथ्यावरचा वारा. एखादे लोकरी वस्त्र, विजेरी, मळमपट्टीची पेटी व शिट्टी इतके सामान पुरे. अत्तरे मात्र घरी ठेवावीत आणि कड्याजवळ धूर करू नये. सह्याद्रीच्या कपारींत आग्या मोहोळे असतात.

माथ्यावर पोहोचल्यावर सालोटा, मुल्हेर, मोरा, मांगी-तुंगी असा सारा बागलाण दृष्टीस पडतो आणि पलीकडे डांगचे रान. १६७१ मध्ये हा दुर्ग स्वराज्यात आला. पुढच्याच वर्षी मोगलांच्या वेढ्यावर मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या सैन्याने चाल केली आणि पायथ्याच्या मैदानात मोठे युद्ध होऊन मराठ्यांचा जय झाला. सूर्यराव काकडे याच रणात पडले. उघड्या मैदानावर मोगलांना दिलेली ती टक्कर होती, म्हणून इतिहासात तिचे महत्त्व मोठे. हे सारे शिखरावर बसून आठवावे. परंतु दीड वाजता उठावे. हा दुर्ग महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या देखरेखीखाली आहे. दरवाजांवर नावे कोरणे तर सोडाच, नेलेल्या कागदाचा कपटाही मागे राहता कामा नये.

उरली व्यवस्थेची बाब. प्रदक्षिणेत गाडी राहते वाघांब्याला आणि माणसे उतरतात साल्हेरवाडीत. मधले अंतर डांबरी रस्त्याचे असले तरी दमलेल्या पायांना ते जाचते. गाडी दुपारीच साल्हेरवाडीत आणून ठेवण्याची व्यवस्था करावी, नाहीतर ही चालही वेळापत्रकात धरावी. गोव्याहून रात्रभर प्रवास करून पहाटे थेट चढू लागणे टाळावे. एक मुक्काम मुल्हेर किंवा सटाण्यात करावा. भ्रमणध्वनी सर्वत्र चालेलच असे नाही, तेव्हा ११२ या आपत्कालीन क्रमांकावरच विसंबू नये. तुकडीतील सर्वांची नावे, चढण्याची व उतरण्याची वाट आणि साल्हेरवाडीत पोहोचण्याची वेळ एका कागदावर लिहून वाघांब्यातील एखाद्या जबाबदार गृहस्थापाशी द्यावी, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोधाला निघावे हेही त्यावर नमूद करावे. संध्याकाळी साल्हेरवाडीत माणसे मोजून झाली की पहिला निरोप त्या गृहस्थांना पाठवावा, घरी दूरध्वनी त्यानंतर.